कम्फर्ट का मामला है, बॉस!

कबूल करते. सायकल मी रंग बघून घेतली होती.

मॅट ब्लॅक, त्यावर लालभडक पट्टा, कार्बन फ्रेम, वजन जेमतेम आठ किलो. दोन बोटांवर उचलली जायची. पुण्यात नोकरी करत होते तेव्हा एका आयटीवाल्याने लग्न ठरलं म्हणून विकायला काढली होती. (लग्न आणि सायकल यांचं नेमकं काय वाकडं असतं कुणास ठाऊक, पण सेकंडहॅण्ड बाजारातल्या निम्म्या सायकलींमागे एक साखरपुडा असतो.) किंमत ४२ हजार. म्हणजे तेव्हाची माझी सगळी शिल्लक. फ्रेमचा साइज ५४ आणि माझी उंची पाच फूट तीन इंच. "चालतंय गं, सीट खाली घे," तो म्हणाला. ज्या दुकानात सेटिंगला गेलो, तिथल्या माणसानेही मान डोलावली. सीट खाली घेतली, सीट रेटून पुढे सरकवली, हॅण्डल धरून ठेवणारा ११ सेंटीमीटरचा स्टेम काढून ९चा लावला. झालं सेटिंग! मी फुल्ल खूश.

तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून रत्नागिरीला घरी परत आले, तेव्हा खासगी बसच्या डिकीत ही राणी चादरीत गुंडाळून माझ्यासोबत आली. आणि मग कोकणातल्या रस्त्यांनी आम्हा दोघींनाही आमची लायकी दाखवली.

रत्नागिरीत सायकल चालवणं म्हणजे काय ते सांगायला हवं. इथे सपाट रस्ता नावाची चीज नाही. शिरगाव, साखरतर करत आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघालात की समुद्र दिसतो तो चढाच्या माथ्यावर, धाप लागलेली असताना. दुसऱ्या बाजूला भाट्ये पूल ओलांडलात की लगेच घाटी, मग सडा, मग पावसपर्यंत नुसतं वर-खाली. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. त्यामुळे मे महिन्यात केलेला गुळगुळीत रस्ता गणपतीपर्यंत गुळगुळीत राहील याची गॅरंटी कुणी देत नाही. पॅच, पॅचवर पॅच, साइडपट्टीला जांभ्याची खडी. पुण्यात ज्या सायकलवर मी पाषाणला भर्रकन जाऊन यायचे, तीच इथे पहिल्या दहा किलोमीटरमध्ये दात वाजवायला लागली.

मी काय केलं? सायकलीचे चांगले ग्लोव्हज घेतले. मग महागडी जेलची सीट घेतली. मग हॅण्डलवर दुहेरी टेप गुंडाळली. आजार एकीकडे आणि औषध भलतीकडे, पण शॉपिंगचा आनंद वेगळाच असतो ना!

तोपर्यंत डोक्यात बीआरएमचं खूळ शिरलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही शर्यत नसते, ठरावीक वेळेत ठरावीक अंतर पुरं करायचं असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २० तास, ६००ला ४०. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत एकेकट्याने पुरी केली. त्या बातम्या वाचून महाराष्ट्रात माझ्यासारख्या कितीजणांच्या अंगात वारं शिरलं असेल! म्हटलं, ४,८०० नाही तर नाही, २०० तर करू.

नाही झाले. ९० किलोमीटरनंतर डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लाकडासारखं झालं. ११०ला उजव्याही हाताची तीच गत. ब्रेक दाबतेय की नाही हेच कळेना. एका उतारावर जाम टरकले आणि सरळ रस्त्याकडेला उतरले. टेम्पोत सायकल टाकून परत. पाय अगदी फ्रेश होते, याचाच राग जास्त आला.

पण खरी गंमत पुढे. बोटं दुसऱ्या दिवशी बरी होतील असं वाटलं होतं. आठ दिवस झाले तरी करंगळीत मुंग्या. मी शब्दांवर पोट भरणारी बाई, कीबोर्डवर 'ए' आणि शिफ्ट दाबायला डावी करंगळी लागते. दोन असाइनमेंट्स सोडाव्या लागल्या, एक लेख फोनवर अंगठ्याने टाइप करून पाठवला. डॉक्टर म्हणाले, तळव्याच्या कडेने जाणारी नस सतत दाबली गेलीये, सायकलवाल्यांना होतं हे. महिनाभर बंद. वर विचारलं, "सायकल तू चालवतेस की ती तुला?"

त्या महिन्यात मी सायकल घेऊन बाजारातल्या एका जुन्या दुकानात गेले. काकांनी ४० वर्षं काळ्या सायकलींचीच कामं केलीत. कार्बनला हात लावायला ते तयार नव्हते. नुसते लांबून बघत राहिले आणि म्हणाले, "काय गो बाय, ही तुझी सायकल की भावाची?"

"माझीच, काका."

"मग बस बघू. भिंतीला धर. आता पेडल मार आणि दोन्ही हात सोड हॅण्डलवरून."

हात सोडले आणि मी नाकावर आपटायची राहिले. काका हसले. "बघ. तू सीटवर बसलेलीच नाहीस. हातावर उभी आहेस."

एवढंच! ४२ हजारांची सायकल, ग्लोव्हज, जेल सीट, टेप, डॉक्टर, सगळ्याचं उत्तर या एका वाक्यात होतं. फ्रेम लांब होती. हॅण्डलपर्यंत हात पोचेना म्हणून सीट पुढे रेटली होती. सीट पुढे गेली की तुमचं वजन पायांच्या पुढे येतं, आणि ते कुठेतरी टेकायला हवं म्हणून तळव्यांवर येतं. म्हणजे एक चूक लपवायला केलेल्या सेटिंगने दुसरी चूक तयार केली होती. फ्रेम चुकली की पुढची सगळी सेटिंग म्हणजे मापात नसलेल्या ब्लाउजला मारलेल्या टिपा.

मग मी जरा अभ्यासाला बसले. ५४ हा आकडा ऐकून आपण मान डोलावतो, पण तो बहुतेक वेळा सीटच्या नळीची लांबी किंवा निव्वळ कंपनीचं लेबल असतो. आडवी दांडी खरंच आडवी असायची तेव्हा त्याला थोडा अर्थ होता. १९९७च्या सुमारास जायंटने उतरत्या दांडीची कॉम्पॅक्ट फ्रेम आणली, मग सगळ्यांनीच तो आकार उचलला आणि सायकली टी-शर्टसारख्या स्मॉल, मीडियम, लार्जमध्ये विकायला लागल्या. एका कंपनीचा ५२ दुसरीच्या ५४ एवढा निघू शकतो. खरे आकडे दोनच: स्टॅक आणि रीच. पेडल ज्या आसाभोवती फिरतात, त्याच्यापासून हॅण्डलच्या नळीचं वरचं टोक किती उंच आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. बस्स. हे दोन आकडे बहुतेक कंपन्या आपल्या तक्त्यात देतात, पण आपण मात्र गियर किती आहेत तेच वाचत बसतो.

ढोबळ फंडा असा, की स्टॅकला रीचने भागायचं. उत्तर १.४ च्या आसपास आलं तर ती फ्रेम रेसरची, वाकून झोपायला लावणारी. दीडच्या जवळ किंवा वर गेलं तर ती लांब पल्ल्याची, कंपन्या जिला एंड्युरन्स म्हणतात ती. माझ्या काळ्या राणीचा स्टॅक ५४.४ सेंटीमीटर, रीच ३८.४. भागाकार १.४२. म्हणजे शर्यतीची फ्रेम, आणि वर मापाने मोठी! डबल धमाका.

आता तुम्ही म्हणाल, साइज वगैरे ठीक आहे, पण कार्बन मऊ चालते ना? अ‍ॅल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं ना? स्टील म्हणजे मखमल ना? सायकलवाल्यांच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हा वाद ऐकायला मिळतो आणि प्रत्येकाकडे एक मावसभाऊ असतो, ज्याच्याकडे टायटॅनियमची आहे. मी पण हेच मानत होते. कार्बन घेतली म्हणजे कम्फर्ट घेतला.

गोष्ट अशी आहे, की फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. त्रिकोण उभ्या दिशेने दबतच नाही फारसा, म्हणून तर पूल बांधणारे त्रिकोण वापरतात. तो कशाचाही बनवा, टायर जितके मिलिमीटर दबतो त्याच्यापुढे फ्रेमचं दबणं किरकोळ. लांब बाहेर आलेला सीटचा दांडा थोडा लवचीकपणा देतो, चिमटा थोडा देतो. आणि पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट ताठ, वजनालाही साधारण तिप्पट. पण नळी किती जाड करायची हे बनवणाऱ्याच्या हातात असतं: पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर नळी आठपट ताठ होते! म्हणून १९८०च्या दशकात कॅननडेलच्या जाडजूड नळ्यांच्या अ‍ॅल्युमिनियम सायकली कडक म्हणून बदनाम झाल्या, आणि त्याच दशकात आयर्लंडचा शॉन केली बारीक नळ्यांची व्हिटस ९७९ चालवत होता, तीही अ‍ॅल्युमिनियमचीच, पण लवचीक म्हणून प्रसिद्ध. धातू एक, कुंडल्या दोन.

मग धक्के खातो कोण? टायर! आणि इथे फ्रेमचा खरा संबंध येतो, जो मला कुणीच सांगितला नव्हता. फ्रेममध्ये आणि चिमट्यात किती रुंद टायर मावतो, हे फ्रेम बनली त्या दिवशीच ठरतं. माझ्या कार्बनमध्ये २३ मिलिमीटरचा टायर, ११० पीएसआय हवा. २५चा टाकून बघितला तर ब्रेकला घासायला लागला. तेव्हाच्या रेसिंग सायकलींचं हे असंच होतं. २३ ऐवजी ३२चा टायर टाकला तर आत हवेला जवळजवळ दुप्पट जागा मिळते आणि माझ्या वजनाला पन्नासच्या आसपास पीएसआय पुरते. खड्ड्यात रिम आपटत नाही, तळव्यांना गुदगुल्या होत नाहीत. आणि हळू चालते म्हणाल, तर आपल्यासारख्या खडबडीत रस्त्यावर नाही. दगडागणिक सायकल आणि अंग वर उडतं त्यात ताकद वाया जातेच की. पॅरिस-रुबे नावाची ती प्रसिद्ध शर्यत दगडी फरशांच्या रस्त्यावर होते. १९९२ आणि ९३ साली तिथे शॉकअ‍ॅब्सॉर्बरवाला चिमटा लावलेल्या सायकलने जिंकून दाखवलं होतं. हल्ली तिथे बहुतेक सगळे निमूट ३० किंवा त्याहून रुंद टायर घालून निघतात.

हे वाचताना मला आजोबा आठवले. पडवीत त्यांची काळी सायकल अजून उभी आहे. आजोबा शाळेत मास्तर, रोज घाटी चढून-उतरून जायचे. मी टेप लावून मोजलं. २८ बाय दीडचा टायर, म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटर! चिमटा पुढे झुकलेला, चाकांमधलं अंतर लांब, हॅण्डल उंच, स्प्रिंगची चामडी सीट. कंपन्या आज एंड्युरन्स आणि ऑलरोड म्हणून जे विकतात, त्यातलं निम्मं आजोबांनी फुकट भोगलं होतं. फक्त त्यांची वजनाला २० किलोच्या घरात होती आणि चढाला ते खाली उतरून ढकलायचे. मी ती घेऊन २०० किलोमीटर करावेत, असं बाबांनी सुचवलं. बाबांना सायकल चालवायची नसते, त्यांना सुचवायला काय जातंय!

तर नवी शोधायला निघाले, यावेळी टेप घेऊन. आधी घरी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, बाबांची जाड डिक्शनरी दोन पायांच्या मध्ये सीटसारखी घट्ट धरली आणि जमिनीपासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. ७२ सेंटीमीटर. ग्रेग लेमाँडच्या नावाने एक जुना हिशेब चालतो, या आकड्याला ०.८८३ ने गुणायचं, की पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माझी ६३.६. अगदी तंतोतंत नसतं, पण सुरुवात म्हणून झकास. एवढ्या उंचीवर सीट ठेवून जी फ्रेम बरोबर बसते, ती माझी.

दुकानांमधले अनुभव लिहायचे तर वेगळा कॉलम होईल. एका ठिकाणी मी 'रोड बाइक' म्हटल्यावर गुलाबी, पुढे बास्केट असलेली सायकल बाहेर काढली गेली. दुसरीकडे "लेडीज फ्रेम येत नाही हो आता" असं ऐकवलं. त्यात तथ्य आहे, मोठ्या कंपन्यांपैकी काहींनी बायकांसाठी वेगळी रोड फ्रेम काढणं बंद केलंय. तसं बिघडत काही नाही. पाच फूट तीन इंचाच्या मुलाचे आणि माझे प्रॉब्लेम सारखेच. पण छोट्या फ्रेमची एक खोड माहीत असू द्या: चाक तेवढंच मोठं राहतं आणि फ्रेम आखडते, त्यामुळे हळू वळताना पुढचं चाक बुटाच्या टोकाला घासू शकतं. गर्दीत यू-टर्न मारताना तोंडावर पडायची सोय. दुकानातच बसून, पेडल आडवं धरून, हॅण्डल वळवून बघा.

आणि ट्रायल घेताना हवेचं प्रेशर विचारा, प्लीज! दोन सायकली चालवून आपण म्हणतो, ही मऊ, ती कडक. आणि एकीत ७० हवा असते, दुसरीत ११०. मग बिचाऱ्या अ‍ॅल्युमिनियमला शिव्या बसतात. दोन्हीत सारख्या रुंदीचे टायर आणि सारखी हवा असेल तरच तुलना करा, आणि गुळगुळीत फरशीवर नको, मागच्या गल्लीतल्या खड्ड्यांतून करा.

स्टीलवर माझं मन होतं, खोटं कशाला बोलू. बारीक नळ्यांची स्टीलची फ्रेम दिसते काय सुंदर! पण घरापासून समुद्र दीड किलोमीटरवर. खारी हवा आणि चार महिने पाऊस, स्टील आतून गंजतं. वर्षातून एकदा नळ्यांमध्ये तेल सोडायचं, सीटचा दांडा काढून ग्रीस लावायचं, हे करणाऱ्यातली मी नाही. माझा टू-व्हीलरचा इन्शुरन्स वेळेवर भरला जात नाही. पुण्यात बांबूच्या फ्रेम बनवल्या जातात, त्यावरही एक आठवडा जीव टांगला होता. शेवटी जे घेतलं ते सगळ्या ग्रुपला धक्का देणारं: साधी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, साइज एक्सएस, कार्बनचा चिमटा, ३२चा टायर, आणि मडगार्ड लावायला भोकं. स्टॅक ५३.५, रीच ३६. भागाकार दीडला टेकलेला. वजन साडेदहा किलो. "कार्बनवरून अ‍ॅल्युमिनियमवर? डिमोशन!" अशी कमेंट आलीच.

रीचमधला फरक २.४ सेंटीमीटरचा. अंगठ्याचं एक पेर. पहिल्या रविवारी पावसला गेले. भाट्ये घाटीत आधी इतकाच दम लागला, अडीच किलो जास्त वजनाने फार फरक पडला असेल तर तो मला कळला नाही. पण सड्यावरच्या खराब पट्ट्यात मी शिट्टी वाजवत होते. आधी तिथे दात आवळलेले असायचे. पावसला चहा घेताना सवयीने बोटं झटकली, मग लक्षात आलं, झटकायचं काही कारणच नाही.

२०० किलोमीटर नंतर झाले. १३ तास ५ मिनिटं, २५ मिनिटं हातात ठेवून. साडेतेरा तासांत २०० म्हणजे चहा, वडापाव, पंक्चर सगळं धरून ताशी १५ सुद्धा नाही. त्यासाठी मी शर्यतीची फ्रेम घेऊन बसले होते! आणि हो, बूड दुखलंच. त्यावर फ्रेमचा इलाज नाही, तो सीटचा विषय आहे आणि फारच वैयक्तिक आहे.

काळी राणी विकायला काढली. गेल्या महिन्यात एक कॉलेजची मुलगी आईला घेऊन बघायला आली. तिला रंग भयंकर आवडला. उंचीने माझ्याएवढीच, कदाचित बोटभर कमी. पैसे रोख आणले होते, घासाघीस पण केली नाही. मी तिला भिंतीला धरून सीटवर बसवलं आणि म्हटलं, हात सोड. मग आत जाऊन टेप आणि डिक्शनरी आणली.

ती हिरमुसून गेली. जाताना आईने मला आणि सायकलला अशा नजरेने पाहिलं, की मी काहीतरी चोरलंय. माझी आई पण दोन दिवस बोलत नव्हती. "दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतेस? अगं, तिला हवी होती, तू कोण नाही म्हणणारी?"

राणी सध्या पडवीत आजोबांच्या सायकलशेजारी टांगलेली आहे. पाच फूट आठच्या आसपास कुणी असेल, पाठ वाकत असेल आणि रस्ता चांगला असेल, तर कळवा. येताना सीटवर बसायची तयारी ठेवा, मी हात सोडायला लावते.